दातांवरच्या थरातले जग

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवून पाहा. एक बुळबुळीत थर जाणवेल. त्यात असंख्य जंतू राहतात. ते प्रथम कोणी पाहिले, ठाऊक आहे? एका कापड-दुकानदाराने!

अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक यांचा जन्म १६३२ साली हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी झाला. वडील टोपल्या विणत. ते लवकरच वारले. सोळाव्या वर्षी अँटनी ॲमस्टरडॅमला एका कापड-व्यापाऱ्याकडे काम शिकू लागले. पुढे गावी परतून त्यांनी स्वतःचे दुकान काढले. त्यांना भिंगे घासण्याचा छंद जडला. त्यांचे एक भिंग तर वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवी.

त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती. ल्युवेनहॉक यांना फक्त डच येई. तरीही १६७३ पासून ते लंडनच्या रॉयल सोसायटीला डच भाषेतच पत्रे लिहीत. १६७६ साली त्यांनी पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांविषयी कळवले. विद्वानांचा विश्वास बसेना. ते रागावले नाहीत. त्यांनी गावातील प्रतिष्ठित लोकांना ते जीव दाखवून त्यांच्या साक्षी पाठवल्या. १६७७ साली रॉबर्ट हूक यांनी स्वतः पाहून खात्री करून घेतली आणि १६८० साली सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले.

१६८३ साली त्यांनी आपल्याच दातांतील किटण तपासले. त्यात जंतू वळवळत होते! मग त्यांनी व्हिनेगरने चूळ भरली. फक्त बाहेरचे जंतू मेले, आतले जिवंत राहिले.

असे का झाले? आज आपल्याला कारण माहीत आहे. जंतू आधी पृष्ठभागाला चिकटतात. मग ते चिकट पदार्थ तयार करून त्यात वस्ती करतात. या वस्तीला बायोफिल्म म्हणतात. चिकटण्यावर तिची रचनाही अवलंबून असते. कॉलऱ्याचे जंतूच पाहा. सुरुवातीला ते आडवे चिकटून पसरतात. संख्या वाढली, की शेजाऱ्यांच्या रेट्याने मधले जंतू उभे राहतात आणि वस्ती उंच होते. अशा दाट थरात औषध खोलवर सहज पोहोचत नाही. म्हणूनच नुसती चूळ भरून भागत नाही. ब्रशने किंवा मिसवाकने दात घासून थर मोडावा लागतो.

१७२३ साली, नव्वदी ओलांडल्यावर ल्युवेनहॉक यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते पाहत राहिले आणि आपल्या भाषेत लिहीत राहिले. मुलांनो, तुम्हीही नीट पाहा आणि पाहिलेले लिहून ठेवा.