राजा नसलेल्या राजाचे संग्रहालय

विद्यार्थी मित्रहो, पुण्यास सहलीला गेलात की शनिवारवाड्याबरोबर शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयही अवश्य पाहावे. नाव ऐकून हा कोणा संस्थानिकाचा संग्रह असावा असे वाटते. आमचीही प्रथम तशीच समजूत झाली होती. परंतु दिनकर गंगाधर केळकर हे राजे नव्हते. ते चष्म्यांचे व्यापारी होते आणि ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने कविता लिहीत. मग नावातील हा राजा कोण, ते पुढे येईलच.

केळकरांचा जन्म १८९६ साली झाला. पुढे लोक त्यांना आदराने काकासाहेब म्हणू लागले. कवी म्हणून त्यांचे मन इतिहासात रमे. गतकाळाचा हा ध्यास केवळ शब्दांनी भागेना. सुमारे १९२० पासून ते जुन्या वस्तू जमवू लागले. त्या काळी जुने वाडे मोडकळीस येत होते, घराघरांतील पितळेची व तांब्याची भांडी मोडीत निघून वितळवली जात होती. एकदा मुशीत गेलेली समई पुन्हा मिळत नाही, हे काकासाहेबांनी ओळखले. दुकान सांभाळून उरलेला वेळ आणि पैसा त्यांनी या कामी वेचला. गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत अशा दूरदूरच्या प्रांतांतून त्यांनी वस्तू आणल्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांस या कामी मोलाची साथ होती.

राजेरजवाड्यांच्या स्मृतिचिन्हांचे आकर्षण कोणास नसते? काकासाहेबांसही ते होते. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूड येथे बांधलेल्या महालाचे अवशेष त्यांनी आणले आणि संग्रहालयात त्याचे दालन पुन्हा उभे केले. परंतु त्यांचे खरे वेगळेपण याहून निराळे होते. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, पाय घासण्याच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे, अशा नित्याच्या वस्तूंनाही त्यांनी राजचिन्हांच्या पंक्तीस बसविले. सुपारी कातरण्याच्या साध्या अडकित्त्यासही पक्ष्याचा वा माणसाचा घाट देणारा कारागीर निनावीच राहिला. त्याची कला मात्र काकासाहेबांनी राखली.

आता त्या नावाविषयी. राजा हा केळकर दांपत्याचा मुलगा. तो लहानपणीच गेला. पुत्रशोकाने खचलेला मनुष्य जगाकडे पाठ फिरवितो. काकासाहेबांनी मात्र आपला सारा संग्रह त्या बालकाच्या नावे केला. राज्य, सिंहासन, मुकुट यांपैकी काहीच न लाभलेल्या या राजाचे नाव आज हजारो लोकांच्या मुखी आहे.

१९६० च्या सुमारास संग्रहातील वस्तूंची संख्या १५,००० च्या घरात गेली होती; पुढे ती २०,००० च्या वर गेली. इतके जमविल्यावर माणसास त्याचा मोह सुटणे कठीण. तरीही १९७५ साली काकासाहेबांनी हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जन्मभर जमविले आणि अखेर सर्वांसाठी देऊन टाकले! १९८० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० साली त्यांचे निधन झाले.

बालमित्रांनो, आपल्या बेळगाव-निपाणी भागातही जुन्या घरांच्या माळ्यांवर आजीचा पानाचा डबा, आजोबांची दौत, काळवंडलेली समई असतेच. मोडवाल्याच्या तराजूत तिची किंमत केवळ वजनाइतकी. दिवाळीच्या साफसफाईत अशी वस्तू हाती लागली, तर ती मोडीत घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस तिची हकीकत विचारा आणि वहीत टिपून ठेवा. वस्तू जपावयास पैसा लागतो हे खरे; परंतु तिची आठवण जपावयास केवळ आस्था लागते. काकासाहेबांच्या कार्याचा आरंभही त्या आस्थेतूनच झाला होता.