योगाला प्रयोगशाळेत नेणारे कुवलयानंद

परीक्षा जवळ आल्या, की घरोघरी सल्ल्यांना ऊत येतो. पहाटे उठून अभ्यास कर, मांडी घालून ताठ बस, आधी दहा मिनिटे प्राणायाम कर, दिव्याच्या ज्योतीकडे एकटक पाहा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या गोष्टींचा शरीरावर आणि मनावर खरोखर काय परिणाम होतो? हे मोजून पाहता येईल, असे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी शिक्षकाला वाटले. त्यासाठी त्याने क्ष-किरण यंत्र आणि पाऱ्याचा दाबमापक यांची मदत घेतली. या शिक्षकाचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागले.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. वडील शिक्षक होते, तरी घरची परिस्थिती बेताची. काही काळ कुटुंबाला इतरांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. शिक्षणासाठी धडपड करावी लागलेल्या या मुलाने १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढचे शिक्षण बडोदा कॉलेजात झाले. तेथे तरुण अध्यापक अरविंद घोष यांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचेही त्यांना आकर्षण होते. विद्यार्थिदशेतच त्यांनी आजन्म ब्रह्मचर्य आणि लोकसेवा यांचा निश्चय केला.

बडोद्यातच जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी १९०७ ते १९१० या काळात देशी व्यायामाचे धडे घेतले. पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत ते शिकवू लागले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शिकणाऱ्या मुलांचे शरीर आणि मन एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही, हे त्यांना रोज वर्गात दिसत होते. ब्रिटिश सरकारला मात्र तिथल्या विद्यार्थ्यांत राष्ट्रभावना दिसली आणि महाविद्यालय बंद पडले.

दरम्यान १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसर येथे त्यांची परमहंस माधवदास या वृद्ध योग्यांशी भेट झाली. त्यांच्याकडून गुण्यांनी योगाभ्यास शिकून घेतला. त्याचा परिणाम स्वतःच्या शरीरावर अनुभवल्यावर त्यांच्यातला शिक्षक स्वस्थ बसेना. अनुभव खरा असेल तर त्याची कारणे शरीरशास्त्राच्या भाषेत सांगता आली पाहिजेत, आणि सांगता आली नाहीत तर दावे आवरले पाहिजेत, अशी त्यांची भूमिका बनत गेली.

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान बंध आणि नौली या क्रियांचे क्ष-किरण तंत्राने निरीक्षण केले. नौलीत पोटाचे उभे स्नायू दोरीसारखे पुढे काढले जातात. या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना दाबमापकावर आढळले. योगी गुदद्वारातून पाणी आत ओढून घेतात, त्यामागे गूढ शक्ती मानली जात होती. प्रत्यक्षात तो दाबातील फरकाचा परिणाम होता. या निर्वात अवस्थेला त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ माधवदासांचे नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन करताना रक्तदाबाचे काय होते, प्राणायामात दाब कसा बदलतो, अशा प्रयोगांचे निष्कर्ष त्यात छापले जाऊ लागले. १९२७ मध्ये महात्मा गांधींचा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि दोघांत पत्रव्यवहार झाला.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने कुवलयानंदांचे एक काम विशेष मोलाचे आहे. ‘आसने’ या विषयावरील १९३१ च्या ग्रंथात त्यांनी आसनांची विभागणी केली. शरीर घडवण्यासाठीची आसने वेगळी आणि पद्मासन, सिद्धासन यांसारखी ध्यानासाठीची आसने वेगळी. मन एकाग्र करायचे तर मांडी घालून ताठ का बसायचे, याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण साधे आहे. कणा सरळ राहिला की पोटातील अवयव दबत नाहीत आणि श्वास मोकळा होतो. बैठक रुंद व स्थिर असली की तोल सांभाळायला स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. स्नायूंचे काम घटले की हृदयाचे आणि फुफ्फुसांचेही घटते. मग शरीराकडून येणारे अडथळे कमी होतात आणि मन हाती घेतलेल्या विषयावर टिकते. पतंजलींच्या अष्टांगांत आसन आणि प्राणायाम हे धारणेच्या, म्हणजे एकाग्रतेच्या, आधी येतात, त्याची सांगड अशी शरीरशास्त्राशी बसते.

प्राणायामाने जास्त ऑक्सिजन मिळतो आणि मेंदू तल्लख होतो, ही समजूत तेव्हाही होती. प्राणायामाचे खरे मोल जास्त ऑक्सिजन मिळवण्यात नसून श्वसनावर आणि मज्जासंस्थेवर येणाऱ्या ताब्यात आहे, असे कुवलयानंदांचे मत होते. आजचे शरीरशास्त्र याला दुजोरा देते. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन विश्रांतीतही ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते, त्यात आणखी भर घालायला फारशी जागाच नसते. संथ श्वासाचा, विशेषतः लांबवलेल्या उच्छ्वासाचा, परिणाम मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूमार्फत होतो. हृदयाची गती उतरते आणि परीक्षेच्या भीतीने उडालेली धडधड शमते.

याच सुमारास लोणावळ्यात एक वेगळा विद्यार्थी येऊन राहिला. मूळ केरळचे कोवूर बेहनन अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करत होते. कुवलयानंदांकडे प्राणायाम शिकून ते परतले आणि त्यांनी स्वतःवरच चाचण्या घेतल्या. बेरजा करणे, सांकेतिक लिपी उलगडणे, रंग ओळखणे अशी कामे त्यांनी प्राणायामानंतर लगेच करून पाहिली. बुद्धीचा वेग वाढलेला दिसेल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. आढळले उलटेच. काही काळ या कामांचा वेग मंदावत होता, मन मात्र अतिशय शांत होत होते. हे निष्कर्ष १९३७ मध्ये त्यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. एकाच माणसावरील हा प्रयोग अंतिम नव्हे, पण त्यातून घेण्यासारखे आहे. प्राणायाम ही अभ्यासाची जागा घेणारी जादू नाही. अस्वस्थ मनाला थाऱ्यावर आणण्याचे ते साधन आहे. त्यानंतर थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग गणिताची वही उघडावी, हे शहाणपणाचे.

कुवलयानंद सावधही होते. नासाग्रावर किंवा भ्रूमध्यावर नजर खिळवण्याचे अभ्यास सावकाश वाढवावेत आणि जाणकाराच्या देखरेखीखाली करावेत, असा इशारा त्यांनी ग्रंथात दिला आहे. मुलांना ज्योतीसमोर बसवणाऱ्या पालकांनी तो आजही लक्षात ठेवावा. डोळे चुरचुरत असतील तर थांबावे, आणि फळा नीट दिसत नसेल तर आधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

पुढे १९३७ मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. मुंबईत कैवल्यधामचे आरोग्यकेंद्र उभे राहिले. १९५० च्या सुमारास लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय सुरू झाले. १९५७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ वेंगर आणि त्यांचे सहकारी बागची उपकरणे घेऊन योग्यांच्या अभ्यासासाठी भारतात आले, तेव्हा लोणावळ्यातही त्यांनी नोंदी घेतल्या.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचे निधन झाले. कैवल्यधाममध्ये संशोधन आजही चालू आहे. पहाटेच्या शांततेत ताठ बसून, चार संथ श्वास घेऊन पुस्तक उघडणारा विद्यार्थी जुनीच वाट चालत असतो. त्या वाटेवर किती अपेक्षा ठेवायची, हे मात्र कुवलयानंदांसारखे मोजून ठरवावे.