शिष्यांचा शिष्य : लिओ टॉलस्टॉय

मुलांसाठी लिहिणे हे सोपे काम आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. चार सोपे शब्द घेतले, एखादा राजा किंवा कोल्हा आणला आणि शेवटी तात्पर्य जोडले की बालकथा तयार झाली, असे पुष्कळांना वाटते. परंतु ज्यांची गणना जगातील श्रेष्ठ कादंबरीकारांत होते, त्या लिओ टॉलस्टॉय यांना मुलांशी बोलण्याचा खरा सूर सापडण्यासाठी आपल्या खेड्यातील शेतकऱ्यांच्या मुलांजवळ जाऊन बसावे लागले. गुरू होऊन गेलेला हा माणूस तेथे शिष्य झाला. त्याची ही हकीकत आहे.

टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८ साली रशियातील यास्नाया पोल्याना या गावी झाला. हे गाव मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटरवर आहे. घराणे सरदारांचे, जमीनजुमला मोठा. परंतु लिओ दोन वर्षांचा होण्यापूर्वीच त्याची आई वारली आणि नवव्या वर्षी पित्याचे छत्रही गेले. नात्यातील एका प्रेमळ आत्याने मुलांना वाढविले. चौघा भावांत निकोलाय सर्वांत वडील. तो धाकट्यांना गोष्टी सांगे. एकदा त्याने सांगितले की, सर्व माणसे सुखी कशी होतील, कोणी कोणाशी भांडणार नाही, हे रहस्य आपण एका हिरव्या काठीवर कोरून ठेवले आहे आणि ती काठी जवळच्या रानात, एका घळीच्या काठी पुरली आहे. पाच वर्षांच्या लिओला ती गोष्ट अक्षरशः खरी वाटली. त्याला भेटलेला हा पहिला मोठा कथाकार. आणि तो स्वतःही एक मूलच होता.

पुढे कझानच्या विद्यापीठात लिओचे मन रमले नाही. पदवी न घेताच तो घरी परतला. १८५१ साली तो भावाबरोबर कॉकेशसच्या डोंगराळ मुलुखात गेला आणि सैन्यात शिरला. तेथेच त्याने ‘बालपण’ ही पहिली कादंबरी लिहिली. १८५२ साली ती प्रसिद्ध होताच या २४ वर्षांच्या तरुणाचे नाव साहित्यिकांत गाजू लागले. तथापि ती कादंबरी मुलांविषयी होती, मुलांसाठी नव्हती. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे कळावयास त्यांना आणखी काही वर्षे लागली.

त्या काळी रशियातील पुष्कळ शेतकरी भूदास होते. जमिनीबरोबर त्यांचीही मालकी बदले. त्यांच्या मुलांना अक्षरओळख होण्याचा संभव फारच थोडा होता. १८५९ साली टॉलस्टॉय यांनी या मुलांसाठी आपल्याच आवारात एक शाळा सुरू केली. शाळा चालविण्याची उत्तम रीत पाहावी म्हणून १८६० आणि १८६१ या वर्षी ते जर्मनी, फ्रान्स व इंग्लंड या देशांत फिरले. पुष्कळ ठिकाणी त्यांना घोकंपट्टी आणि शिक्षेची भीती एवढेच दिसले. १८६१ साली रशियात भूदासपद्धती रद्द झाली आणि परत आल्यावर टॉलस्टॉय यांनी दुप्पट उत्साहाने शाळेचे काम हाती घेतले. या शाळेत फी नव्हती, छडी नव्हती, घरचा अभ्यासही नव्हता. मुलामुलींनी हवे तेथे बसावे, कंटाळा आला तर उठून जावे, अशी मोकळीक होती. आणि तरीही मुले संध्याकाळपर्यंत हलत नसत.

येथे या थोर लेखकाला पहिला धक्का बसला. त्यांनी मुलांपुढे पुश्किन आणि गोगोल या नामवंत लेखकांच्या कथा वाचल्या, ‘रॉबिन्सन क्रूसो’ वाचून पाहिला. पण मुलांचे लक्ष लागेना. तीच मुले लोककथा आणि जुन्या करारातील गोष्टी मात्र जीव टाकून ऐकत. म्हणजे मुलांना बुद्धी कमी होती असे नव्हे. पुस्तकाची भाषा एका तीरावर होती, मुलांच्या घरची भाषा दुसऱ्या तीरावर होती आणि मध्ये पूल नव्हता. असा पूल बांधील अशी पुस्तकेच रशियन भाषेत नाहीत, हे टॉलस्टॉय यांच्या ध्यानात आले.

त्यानंतर जो प्रसंग घडला तो शिक्षणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. एके दिवशी त्यांनी मुलांना एका रशियन म्हणीवरून गोष्ट लिहावयास सांगितले. म्हणीचा आशय असा की, काही माणसे चमच्याने खाऊ घालतात आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा फोडतात. म्हणजे उपकार करतात आणि मग ते बोलून दाखवितात. मुले म्हणाली, हे आम्हांला जमणार नाही, तुम्हीच लिहा. तेव्हा टॉलस्टॉय स्वतः लिहावयास बसले. एका शेतकऱ्याने दया येऊन एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला घरात घेतले, अशी गोष्ट सुरू झाली. हळूहळू मुले खुर्चीभोवती जमली आणि खांद्यावरून डोकावून चुका काढू लागली. एक म्हणे, म्हातारा जादूगार असू दे. दुसरा म्हणे, शिपाई असू दे. पाहता पाहता बाकीची मुले पांगली आणि स्योम्का व फेद्का हे दोघे उरले. ते सांगू लागले आणि टॉलस्टॉय लिहू लागले.

फेद्का हा दहा-अकरा वर्षांचा शेतकऱ्याचा पोर. पण कोणता शब्द हवा आणि कोणता नको, याविषयी तो तिळभर मागे हटेना. गोष्टीत थंडीने काकडलेल्या म्हाताऱ्याला पाहण्यासाठी एक शेजारी बाहेर येतो. त्याच्या अंगात बायकी डगला असला पाहिजे, असा फेद्काने हट्ट धरला. असे का, ते त्याला सांगता येईना. तेच बरोबर दिसते, एवढेच त्याचे म्हणणे. टॉलस्टॉय विचार करू लागले आणि त्यांना उमगले की, त्या एका डगल्याने तो सारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो : गरीब घर, अरुंद छाती, हिवाळ्याची संध्याकाळ आणि घाईत हाताला लागेल ते अंगावर ओढणे. पानभर वर्णनाने जे साधले नसते, ते या मुलाने एका शब्दात साधले होते. सात वाजता सुरू झालेले लेखन अकराला थांबले, तेही टॉलस्टॉय थकले म्हणून. मुले ना थकली, ना त्यांना भूक आठवली. उलट थांबल्याबद्दल ती रागावली.

पुढे शाळेत मुलांना कागदी खेळणी करण्याचे वेड लागले असता त्या गडबडीत या गोष्टीची पाने शेगडीत गेली. टॉलस्टॉय फार हळहळले. ते पाहून स्योम्का व फेद्का यांनी गोष्ट पुन्हा लिहून देण्याचे ठरविले. एके संध्याकाळी ते त्यांच्या घरी आले आणि मध्यरात्रीपर्यंत बसून त्यांनी ती पुरी केली. १८६२ साली टॉलस्टॉय यांनी या प्रसंगावर एक लेख लिहिला. लिहावयास कोणी कोणापासून शिकावे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्यापासून की आपण त्यांच्यापासून, असा प्रश्नच त्यांनी लेखाच्या शीर्षकात घातला. आपले उत्तरही त्यांनी निःसंकोचपणे दिले. ज्याचे लेखन सारा देश वाचत होता, त्याने एका अडाणी समजल्या जाणाऱ्या मुलाला आपल्या बरोबरीचा कलावंत म्हणून मान दिला. सरदारांच्या त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती.

त्याच वर्षी, टॉलस्टॉय गावी नसताना, सशस्त्र पोलिसांनी त्यांच्या घराची आणि शाळेची झडती घेतली. आक्षेपार्ह असे काही सापडले नाही. पण त्यांचे मन दुखावले. पुढे विवाह झाला, शाळा बंद पडली आणि ‘युद्ध आणि शांती’ ही महाकादंबरी लिहिण्यात वर्षे गेली. १८६९ साली ती पुरी झाली. कीर्तीचे शिखर गाठले होते. आता आणखी एक मोठी कादंबरी यावी, अशी लोकांची अपेक्षा होती. परंतु टॉलस्टॉय बसले ते मुलांची बाराखडी लिहावयास!

१८७२ साली त्यांची ‘आज्बुका’, म्हणजे अक्षरमाला, चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांनी ग्रीक भाषा शिकली होती; तिच्या आधारे इसापच्या कथा त्यांनी मुळातून रशियनमध्ये आणल्या. भारतातील व इतर देशांतील कथाही घेतल्या. घरातच पुन्हा शाळा भरविली. पत्नी आणि मोठी मुलेही शिकवू लागली. गोष्ट लिहावी, खोडावी आणि पुन्हा लिहावी, असा क्रम चाले. गोष्ट सुंदर, आटोपशीर, साधी आणि विशेषतः स्पष्ट असली पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता.

मुलांसाठी लिहिलेली त्यांची एक गोष्ट जेमतेम अर्ध्या पानाची आहे. वान्या नावाच्या मुलाने कधी आलुबुखार खाल्लेला नसतो. तो कोणाला न कळत एक फळ उचलून खातो. जेवताना वडील विचारतात. सारी मुले नाही म्हणतात, वान्याही नाही म्हणतो. मग वडील म्हणतात की, फळ खाल्ले त्याची चिंता नाही, पण कोणी बी गिळली असेल तर तो मरेल. वान्या घाबरून सांगून टाकतो की, बी तर मी खिडकीबाहेर फेकली. सगळे हसतात आणि वान्याला रडू कोसळते. गोष्ट येथे संपते. खोटे बोलू नये, हे वाक्य लेखकाने कोठेही लिहिलेले नाही. ते वाचणाऱ्या मुलाच्या मनात आपोआप उमटते, कारण लेखकाने त्याच्या शहाणपणावर विश्वास टाकलेला असतो.

याच मालेत ‘कॉकेशसचा कैदी’ ही दीर्घकथा आली. तरुणपणी, १८५३ साली, टॉलस्टॉय स्वतः शत्रूच्या हाती सापडता सापडता वाचले होते. शाळेच्या दिवसांत हिवाळ्याच्या रात्री ते मुलांना घेऊन रानात फिरावयास जात आणि कॉकेशसच्या हकीकती सांगत; तेव्हा फेद्का त्यांची दोन बोटे घट्ट धरून चाले. या कथेतील वाक्ये अशी आखूड आणि सरळ आहेत की, जणू अंधारात बोट धरून चालणाऱ्या मुलालाच कोणी ती सांगत आहे. शत्रूच्या गावातील दीना ही लहान मुलगी कैद्याला चोरून दूध-भाकरी आणून देते आणि शेवटी खड्ड्यात वासा सोडून त्याची सुटका करते. शत्रूतही माणूस असतो, हे येथेही सांगितलेले नाही, दाखविलेले आहे.

प्रारंभी विद्वानांनी ‘आज्बुका’वर टीका केली आणि पुस्तक खपेना. टॉलस्टॉय खचले नाहीत. त्यांनी ते पुन्हा रचले आणि १८७५ साली ‘नवी आज्बुका’ आणि वाचनाची चार स्वतंत्र पुस्तके काढली. ती रशियाच्या शाळाशाळांतून गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले त्यांवर वाचावयास शिकली.

पुढे ‘अ‍ॅना कॅरेनिना’ ही कादंबरी आली, त्यांच्या विचारांत मोठे परिवर्तन झाले आणि महात्मा गांधींसारख्यांनी त्यांना गुरुस्थानी मानले. १८९७-९८ साली त्यांनी ‘कला म्हणजे काय?’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला; साने गुरुजींनी तो मराठीत आणला आहे. त्यात टॉलस्टॉय यांनी स्वतःच्या साहित्याचाही कठोर हिशेब मांडला. आपल्या जगन्मान्य कादंबऱ्या त्यांनी बाजूला सारल्या आणि दोनच कथा खऱ्या कलेत जमा धरल्या : एक ‘कॉकेशसचा कैदी’ आणि दुसरी, देव सत्य जाणतो पण वाट पाहतो, या आशयाची. दोन्ही मुलांच्या त्या वाचनपुस्तकांतील. हा निवाडा सर्वांना मान्य होईल असे नाही. पण मुलांसाठी केलेल्या लेखनाचे मोल ते किती मानीत, हे त्यावरून कळते.

आपल्या गोमंतकात घरी कोकणी बोलणारे मूल जेव्हा मराठी पुस्तक उघडते, तेव्हा त्यालाही एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जावयाचे असते. त्याच्याशी ओळखीच्या आवाजात बोलणारे पुस्तक मिळाले, तर ते आनंदाने पलीकडे जाते. न मिळाले, तर दोष मुलाच्या माथी मारला जातो. विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकी कोणी या अंकासाठी गोष्ट लिहिताना जड शब्दांच्या शोधात निघाला असेल, तर त्याने फेद्काचा तो बायकी डगला आठवावा. स्वतः पाहिलेले आणि खरे वाटलेले ते लिहावे. फेद्काजवळ याहून वेगळे भांडवल नव्हते.

नोव्हेंबर १९१० मध्ये अस्तापोवो येथील लहानशा रेल्वे स्टेशनात टॉलस्टॉय यांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना यास्नाया पोल्यानाच्या रानात, घळीच्या काठी पुरण्यात आले. तेथे शिळा नाही, क्रूस नाही, नावही नाही; गवताने आच्छादलेला मातीचा उंचवटा तेवढा आहे. निकोलायने हिरवी काठी पुरल्याचे सांगितले होते ती हीच जागा. एका मुलाने सांगितलेली गोष्ट या महापुरुषाने ८२ वर्षांच्या आयुष्यात कधी विसरली नाही.