दौलताबादचा सुलतान

सकाळीं निघालेला हुकूम संध्याकाळीं फिरला, कीं आपल्याकडे लोक त्यास तुघलकी कारभार म्हणतात. ज्याचें नांव असें सहाशें वर्षांहून अधिक काळ लोकांच्या तोंडीं राहिलें, तो दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक मूर्ख मात्र नव्हता. मूढ राजाच्या हातून प्रजेचे हाल झाले तर त्यांत नवल कसलें?

त्याचें मूळ नांव जूनाखान. १३२३ सालीं त्यानें वरंगळ जिंकलें. पुढें दोन वर्षांनीं त्याच्या बापाच्या, घियासुद्दीनाच्या, स्वागतार्थ त्यानें उभारविलेला लांकडी मंडप कोसळला व बाप त्याखालीं ठार झाला. वीज पडली असें बरनी सांगतो. इब्न बतूतानें तें कपट मानलें. इतिहासकारांचें याविषयीं अद्यापि एकमत नाहीं.

नवा सुलतान न्याय, तत्त्वज्ञान व वैद्यक यांत प्रवीण होता; त्याचें अक्षरहि सुरेख होतें. जिनप्रभसूरि या जैन आचार्याचा त्यानें दरबारीं सन्मान केला.

ज्या रामदेवराव यादवाच्या राज्यांत १२९० सालीं ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, त्याच्या देवगिरीस दौलताबाद हें नांव देऊन १३२७ मध्यें सुलतानानें तेथें राजधानी आणली. विचार अगदींच टाकाऊ नव्हता. नुकतीच जिंकलेली दक्षिण दिल्लीहून ताब्यांत ठेवणें अवघड होतें. वाटेवर धर्मशाळा बांधल्या, झाडें लावलीं, घरांची किंमतहि देवविली. जावयाचें कीं नाहीं, हें मात्र कोणास विचारलें नाहीं. सुमारें अकराशें किलोमीटरांच्या त्या वाटेवर कित्येक मेले. सबंध दिल्ली ओस पडली असें बरनी लिहितो. परंतु १३२७ व १३२८ सालचे संस्कृत शिलालेख त्याच नगरीचें वैभव वर्णितात. तेव्हां हलविले गेले ते बहुतांशीं सरदार, उलेमा, सूफी व त्यांचे परिवार असावे. १९७० नंतर नव्या मुंबईसाठीं आपल्या पनवेल तालुक्यांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरांतील वडील मंडळींस हें प्रकरण समजावून सांगावें लागणार नाहीं. फरक इतकाच, कीं मोबदल्यासाठीं भांडण्याची सोय त्या दिल्लीकरांस नव्हती.

कांहीं वर्षांनीं परतण्याची परवानगी मिळाली. सगळे परतले नाहींत. कवि अमीर हसन व सूफी बुरहानुद्दीन गरीब यांच्या कबरी खुलताबादेस आहेत, आणि या मंडळींबरोबर आलेली बोली येथें राहून पुढें दखनी झाली. सुलतानाचा स्वतःचा एक दांत बीडजवळ पडला. तोहि त्यानें पुरवून वर घुमट बांधविला, असें फिरिश्ता सांगतो!

मग तांब्यापितळेचीं नाणीं चांदीच्या टंक्याच्या भावानें चालविण्याचा हुकूम निघाला. आज आपण कागदी नोट घेतोंच. पण नक्कल रोखणारी कांहीं खूण त्या नाण्यांवर नव्हती. घरोघरीं टांकसाळी झाल्या. शेवटीं सरकारनें तीं नाणीं परत घेऊन चांदी मोजली. गंगायमुनांच्या दुआबांत सारा वाढविला आणि त्याच सुमारास दुष्काळ पडला. रानांत पळालेल्या शेतकऱ्यांची तेथेंहि शिकार झाली. पुढें यानेंच शेतीसाठीं स्वतंत्र खातें काढून तगाई वाटली.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३४ च्या सुमारास दिल्लीस आला. सुलतानानें त्यास काजी नेमलें व पुष्कळ धन दिलें. राजवाड्याच्या एकाच दाराशीं दान घेणारे याचक व वध झालेल्यांचीं प्रेतें, दोन्हीं त्यानें पाहिलीं. १९६४ सालीं गिरीश कार्नाड यांनीं कानडींत नाटक लिहिलें तें याच सुलतानावर. मुलें क्रूर राजांचीं चरित्रें फार आवडीनें वाचतात अशी पालकांची तक्रार असते. वाचूं द्यावींत, तीं प्रेतें कोणाचीं होतीं, हेंहि त्यांस विचारावें.

अखेरचीं वर्षें बंडें मोडण्यांत गेलीं. १३४७ सालीं दौलताबादेसच हसन गंगू बहमनी गादीवर बसला व दक्षिण गेली. एका बंडखोराचा पाठलाग करतां करतां १३५१ च्या मार्चांत सिंधमध्यें ठठ्ठ्याजवळ महंमद तुघलक तापानें वारला. त्याचा चुलतभाऊ फिरोजशहा गादीवर आला. महंमदानें ज्यांस मारविलें होतें त्यांच्या वारसांस फिरोजशहानें द्रव्य देऊन त्यांच्याकडून क्षमापत्रें लिहून घेतलीं, व तीं एका पेटींत घालून मृताच्या कबरीच्या उशाशीं ठेवविलीं.