लुडॉल्फची संख्या

वर्तुळ लहान असो वा मोठे, त्याच्या परिघास व्यासाने भागले असता एकच संख्या येते. तिला 'पाय' असे म्हणतात. व्यवहारात तिची किंमत २२/७ धरतात. परंतु ती केवळ जवळपासची होय. या संख्येच्या मागे आयुष्याची अनेक वर्षे वेचणारा गणिती म्हणजे लुडॉल्फ व्हान क्यूलेन.

त्याचा जन्म २८ जानेवारी १५४० रोजी जर्मनीतील हिल्डेसहाइम या गावी झाला. त्या काळी युरोपातील विद्यापीठांत लॅटिन भाषेतूनच शिक्षण दिले जाई. लुडॉल्फच्या नशिबी ना विद्यापीठ होते, ना लॅटिन. पुढे तो हॉलंडमध्ये आला आणि डेल्फ्ट शहरी गणित व तलवारबाजी शिकवून चरितार्थ चालवू लागला. १५९४ साली त्याने लायडन येथे तलवारबाजीची शाळा काढली.

प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीज याचे वर्तुळाविषयीचे लेखन लुडॉल्फला वाचता येत नव्हते. यान द ग्रोट या विद्वान स्नेह्याने ते त्याला डच भाषेत उतरवून दिले. आर्किमिडीजची रीत अशी : वर्तुळाच्या आत एक आणि बाहेर एक बहुभुजाकृती काढावी. परिघाची लांबी त्या दोहोंच्या परिमितींच्या दरम्यान असते. बाजूंची संख्या दुप्पट करीत गेले, की हे अंतर कमी कमी होत जाते. आर्किमिडीज ९६ बाजूंपर्यंत गेला होता. लुडॉल्फ अब्जावधी बाजूंच्याही पलीकडे गेला. प्रत्येक पायरीला लांबलचक वर्गमूळ काढावे लागे, आणि एक अंक चुकला तर पुढचे सारे श्रम वाया जात. यंत्राचे साहाय्य नव्हते. होती ती लेखणी आणि चिकाटी. १५९६ साली त्याने आपल्या ग्रंथात 'पाय'ची किंमत २० दशांश स्थळांपर्यंत प्रसिद्ध केली. हा ग्रंथही डच भाषेतच होता.

त्या वेळी हॉलंडचे स्पेनशी युद्ध चालू होते. किल्ले बांधणारे व जमीन मोजणारे लोक देशाला हवे होते. म्हणून १६०० साली राजपुत्र मॉरिस याच्या पुढाकाराने लायडन विद्यापीठाला जोडून एक अभियांत्रिकी शाळा निघाली. तिचा अभ्यासक्रम सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने आखला. तेथे लॅटिनऐवजी लोकभाषेत, म्हणजे डच भाषेत, शिकवावयाचे होते. या कामी लुडॉल्फची नेमणूक झाली. ज्याला विद्यापीठात शिकता आले नाही, तो साठाव्या वर्षी तेथे अध्यापक झाला !

अध्यापन करीत असतानाही त्याने आपले गणित सोडले नाही. अखेर तो ३५ दशांश स्थळांपर्यंत पोहोचला :

३.१४१५९२६५३५८९७९३२३८४६२६४३३८३२७९५०२८८

३१ डिसेंबर १६१० रोजी लायडन येथे तो मरण पावला. तेथील संत पीटरच्या चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर ही संख्या कोरण्यात आली. त्याचा शिष्य स्नेल याने पुढे हेच उत्तर पुष्कळच कमी श्रमात काढण्याचा मार्ग दाखविला. गुरूचा एकही अंक चुकलेला नव्हता.

कालांतराने ते थडग्याचे दगड नाहीसे झाले. परंतु लोक त्याला विसरले नाहीत. २००० साली त्याच चर्चमध्ये नवी शिळा बसविण्यात आली. आज संगणक क्षणार्धात हे ३५ अंक काढून देतो. तरीही जर्मनीत 'पाय'ला लुडॉल्फची संख्या असे नाव पडले, ते त्याच्या या श्रमांमुळेच.