नांगर, बैल आणि सीमोर क्रे

आमच्या दुसरबीडला सीमोर क्रे हे नाव सांगितले तर कोणी ओळखणार नाही. मृगाच्या तोंडावर सिंदखेड राजा तालुक्यात जो तो आभाळाकडे पाहतो; पण १९८९ साली दिल्लीत हवामानाचा अंदाज मांडण्यासाठी जो महासंगणक आला, त्यावर नाव याच माणसाचे होते. मला त्याच्याविषयी कुतूहल वाटते ते एवढ्यासाठीच.

क्रे १९२५ मध्ये अमेरिकेतल्या चिपेवा फॉल्स या लहानशा गावी जन्मला. वडील सिव्हिल इंजिनिअर. महायुद्धात त्याने बिनतारी संदेशांचे काम केले, मग मिनेसोटा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि गणित शिकला. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कंट्रोल डेटा कंपनीत तो मोठा झाला. पण कचेरी आणि बैठका यांचा त्याला भारी कंटाळा. शेवटी कंपनीने प्रयोगशाळाच त्याच्या गावी नेली! तिथे पस्तिसाच्या आत माणसे हाताशी घेऊन त्याने ६६०० हे यंत्र उभे केले. १९६४ मध्ये ते जगात सर्वांत वेगवान ठरले. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच कंपनीचा ३६०० संगणक आला होता.

१९७२ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि १९७६ मध्ये क्रे-१ आला. याचा आकार इंग्रजी सी अक्षरासारखा का, तर तारा आखूड राहाव्यात म्हणून. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाशसुद्धा फूटभरच जातो. मग तार लांबली की वेग गेलाच. सारे दाटीवाटीने बसवले की उष्णता वाढते, म्हणून आत फ्रीजसारखी फ्रिऑनची थंडाई खेळवली होती. क्रेचे खरे भांडण आयुष्यभर या उष्णतेशीच चालले.

त्याचा भर मोजक्या पण दणकट प्रोसेसरांवर. शेत नांगरायला दोन बैल बरे की हजारभर कोंबड्या, असा त्याचा सवाल सांगतात. आमच्याकडे याचे उत्तर कोणीही देईल. शिवाय त्याचे अगदीच चुकत नव्हते. दहा गडी लावले तरी नांगरटीआधी पेरणी होत नाही. कामाचा न वाटता येणारा भाग साऱ्यांनाच खोळंबून ठेवतो.

पण त्याच्याच कंपनीत स्टीव्ह चेन यांनी १९८२ मध्ये दोन प्रोसेसरांचे एक्स-एमपी केले. भारताने दोन प्रोसेसरांचे यंत्र मागितले, अमेरिकेने एकाचेच दिले. त्या अडवणुकीतून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघाले. त्याचे प्रमुख विजय भटकर आमच्या वऱ्हाडातलेच, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९९१ मध्ये त्यांच्या चमूने बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर डझनांनी जोडून परम ८००० उभा केला. कोंबड्यांनी नांगरून दाखवले म्हणायचे!

क्रे मात्र गॅलियम आर्सेनाइडच्या चिप घेऊन क्रे-३ च्या मागे लागला. यंत्राला गिऱ्हाईक मिळेना, १९९५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. सत्तरी गाठलेल्या या हट्टी माणसाने १९९६ मध्ये पुन्हा नवी कंपनी काढली, आणि या खेपेस अनेक प्रोसेसर जोडण्याचा मार्ग धरला. पण सप्टेंबरात कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्याच्या मोटारीला अपघात झाला; ५ ऑक्टोबरला तो गेला.

पुढे २००५ मध्ये घरगुती संगणकांत दोन कोअरचे प्रोसेसर आले. एकट्या प्रोसेसरचा वेग आणखी वाढवावा तर चिप फार तापत होती.