अर्देशीर वाडिया आणि त्यांचे छोटे इंजिन

मुलांनो, तुमच्यापैकी कुणीतरी घरातले जुने घड्याळ किंवा रेडिओ उघडून पाहिला असेल. उघडणे सोपे असते. पुन्हा जोडताना मात्र एखादा स्क्रू हातात उरतो, आणि मग मोठ्यांची बोलणी खावी लागतात. आज मी तुम्हांला अशा एका तरुणाची हकीकत सांगणार आहे, ज्याने आपल्या काळातले एक अवघड यंत्र नुसते पाहिले नाही, तर स्वतःच्या हातांनी लहान आकारात तयार केले. त्याचे नाव अर्देशीर करसेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे सुरतेचे. सुरतेकडे जहाज बांधणाऱ्याला वाडिया म्हणत. तेच या घराण्याचे आडनाव झाले. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी हे १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी मुंबईला आले आणि त्यांनी येथील गोदीत जहाजे बांधण्यास सुरुवात केली. तेव्हापासून मुलगा, नातू, पणतू असे सारे त्याच कामात राहिले. मलबारच्या सागवानाची त्यांची जहाजे इतकी पक्की असत, की १८१७ साली मुंबईत बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजूनही पाण्यावर तरंगते आहे. तुम्ही कधी तिकडे गेलात, तर ते जरूर पाहा.

अशा घरातला मुलगा काय करणार? चौदाव्या वर्षी अर्देशीरही गोदीत दाखल झाले. लाकूड कसे निवडावे, फळ्या कशा वाकवाव्यात, जहाजाचा सांगाडा कसा उभा करावा, हे सारे ते घरच्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकले.

पण त्याच काळात समुद्रावर एक नवी गोष्ट आली होती. शिडाच्या जहाजाला वाऱ्याची वाट पाहावी लागते. वाऱ्याची वाट न पाहता, वाफेच्या जोरावर चालणाऱ्या आगबोटी युरोपात धावू लागल्या होत्या. १८२९ साली मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट तयार झाली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली. वाटेत एडनपर्यंत कोळसा मिळणार नव्हता. म्हणून प्रवाशांच्या खोल्यांत आणि डेकवरही कोळसा भरला होता. सुमारे महिन्याभराने, वाटेतले मुक्काम धरून, ती सुएझला पोचली. सगळीकडे तिचा बोलबाला झाला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या बोटीचे लाकूड आपले, सुतार आपले, बांधणारे वाडिया. पण तिच्या पोटातली दोन्ही इंजिने लंडनहून आलेली होती. म्हणजे बोटीचे शरीर मुंबईचे आणि जीव लंडनचा. शंभर वर्षे जहाजे बांधणाऱ्या घराण्याला ही नवी विद्या ठाऊक नव्हती. पुढे सगळी जहाजे वाफेवर चालू लागली तर या घराण्याने काय करायचे? त्या वेळी अर्देशीर २१ वर्षांचे होते.

वाफेचे इंजिन चालते तरी कसे? बॉयलरमध्ये पाणी उकळते. त्याची वाफ सिलिंडर नावाच्या लोखंडी नळकांड्यात शिरते आणि आतला दट्ट्या ढकलते. नंतर ती वाफ दुसऱ्या भांड्यात थंड केली जाते. वाफेचे पाणी झाले की तेथे पोकळी होते आणि दट्ट्या अधिक जोराने सरकतो. दट्ट्या मागेपुढे होतो, त्याला जोडलेली तरफ हलते आणि तिच्यामुळे चाक फिरते. सांगायला चार वाक्ये पुरतात. करायला बसले की खरी परीक्षा. दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट बसला पाहिजे, नाहीतर वाफ कडेने निसटते. पण तो सहज सरकलाही पाहिजे, नाहीतर इंजिन हलतच नाही.

जहाजावर तर आणखी अडचणी. कारखान्यातल्या इंजिनाची तरफ उंचावर असते. जहाजात एवढे वजन वर ठेवले, तर ते लाटांवर कलंडेल. म्हणून त्या काळी जहाजाच्या इंजिनात तरफा खाली, दोन्ही बाजूंना बसवत. शिवाय बॉयलरमध्ये समुद्राचे पाणी वापरत. त्यातले मीठ आत साचून थर जमे आणि तो काढत राहावे लागे.

१८३३ च्या सुमारास अर्देशीर यांनी एक अश्वशक्तीचे छोटे वाफेचे इंजिन स्वतः तयार केले. 'नमुना' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. हा असाच एक नमुना होता. पण तो काचेच्या कपाटात ठेवण्याचा नव्हता. ते इंजिन विहिरीतून पाणी वर खेचत असे आणि त्या पाण्यावर एक लहानसे कारंजे उडत असे. मला या माणसाची हीच गोष्ट फार आवडते. कारंजे उडाले, तर इंजिन बरोबर; नाही उडाले, तर चूक. दुसऱ्या कुणाला विचारायला नको.

याच सुमारास त्यांनी 'इंडस' नावाची ६० टनांची बोट बांधली. इंग्लंडहून १० अश्वशक्तीचे इंजिन मागवून त्यांनी ते तिच्यात बसवले आणि बोट स्वतः चालवली. १८३४ साली त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. ते पाहायला खुद्द गव्हर्नर आले होते.

एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. १८३९ साली ते इंग्लंडला निघाले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत जायचे, मग इजिप्तमधून खुष्कीचा प्रवास करायचा आणि भूमध्य समुद्रात पुन्हा जहाज पकडायचे. तिकडे त्यांनी इंजिनांचे कारखाने पाहिले आणि जहाजांच्या इंजिनांचा अभ्यास केला. या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० साली लंडनमध्ये छापली गेली.

२७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य म्हणून निवडले. एकेकाळी न्यूटन या संस्थेचे अध्यक्ष होते, यावरून तिचा मान ओळखा. हा मान मिळवणारे अर्देशीर हे पहिले भारतीय. त्यानंतर दुसऱ्या भारतीयाला, म्हणजे गणिती रामानुजन यांना, तो मिळायला १९१८ साल उजाडले.

पण मुंबईत त्यांची वाट सोपी नव्हती. त्याच वर्षी कंपनीने त्यांना मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनिअर नेमले. त्यांच्या हाताखाली देशी कारागिरांबरोबर सुमारे शंभर युरोपीय कामगार होते. एका देशी माणसाने गोऱ्यांना हुकूम द्यायचे, ही गोष्ट त्या काळी अनेकांना सहन होण्यासारखी नव्हती. मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने या नेमणुकीविरुद्ध लिहिले. माणूस हुशार असला, शिकलेला असला, तरी देशी माणसाला ही जागा द्यावी का, अशी शंका त्याने घेतली. त्यांना काम येत नाही, असे कुणी म्हटले नव्हते, हे ध्यानात घ्या. अर्देशीर यांनी त्या जागेवर सोळा वर्षे काम केले.

१८४९ साली ते अमेरिकेला जाऊन आले आणि तेथून लाकूडकामाची यंत्रे घेऊन आले. मग फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी एक आगबोट पाण्यात सोडली. तिचे नाव त्यांनी आपल्या घराण्यावरून 'लवजी फॅमिली' असे ठेवले. या बोटीचे सगळे भाग, इंजिनासकट, त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. या वेळी लंडनहून काही मागवावे लागले नाही. कारंजे उडवणाऱ्या त्या छोट्या इंजिनाला तेव्हा सुमारे अठरा वर्षे झाली होती.

१८५७ साली ते निवृत्त झाले. १८६१ ते १८६३ या काळात सिंधू नदीवरील बोटींच्या यंत्रांची देखरेख त्यांनी कोटरी येथे राहून केली. नंतर ते इंग्लंडला गेले आणि टेम्स नदीच्या काठी रिचमंड येथे राहिले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

१९६९ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ एक तिकीट काढले. तुमच्यापैकी कुणी जुनी तिकिटे जमवत असेल, तर आपल्या वहीत ते सापडते का, पाहा.